पंच हजर

पौडच्या बाजारपेठेत बाबालालचं दोरदाव्याचं दुकान होतं, आणि खरं सांगायचं तर दुकानापेक्षा दुकानाचा ओटाच जास्त चालायचा. बाजारच्या दिवशी कोळवण खोऱ्यातली, वर मुळशीकडची माणसं डोक्यावर पोती घेऊन उतरायची ती थेट या ओट्यावर. पोतं टेकवायचं, "बाबालाल, हितं ठेवतुया रं," म्हणायचं आणि बाजार करायला मोकळं व्हायचं. संध्याकाळी एसटीच्या वेळेला ज्याचं त्यानं उचलून न्यायचं. भाडं नाही, खूण नाही, चिठ्ठी नाही. पोत्यात काय आहे हे बाबालालनं कधी विचारलं नाही आणि त्याच्या बापानंही कधी विचारलं नव्हतं. असं विचारणं म्हणजे समोरच्या माणसाला तोंडावर चोर म्हणणं, असा सगळ्या पेठेचा पक्का समज होता. आजवर कुणाची मूठभर नाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती, आणि बाबालालला त्याचा भारी अभिमान होता.

त्याच्या बायकोला, शाहजादीला, हे सगळं थोडं येडेपणाचं वाटायचं. पण लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ओटा असाच होता, म्हणून तिनंही कधी तोंड उघडलं नाही.

सत्त्याऐंशी साली शिमग्याच्या आधीच्या बाजाराला पुण्याहून आलेलं पोलिसांचं एक पथक पेठेत शिरलं. ते कुणा माणसाच्या मागावर होते. माणूस निसटला, पण पोलिसांना रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं. त्यांनी ओट्यावरची पोती उपडी करायला सुरुवात केली. वरई सांडली, हरभरे सांडले, कोळवणच्या रत्नाबाईची नाचणी पार रस्त्यावर गेली, आणि तिच्या पोत्याला खेटून ठेवलेल्या पोत्यातून गांजा निघाला.

"कोणाचं पोतं?" साहेबानं विचारलं.

"ठाऊक न्हाई, साहेब."

"तुझ्या ओट्यावर आहे आणि तुला ठाऊक नाही?"

"आमी विचारत न्हाई," बाबालाल म्हणाला.

आता पौडच्या बाहेरच्या कोणत्या माणसाला हे उत्तर पटणार? साहेबाला वाटलं, हा गडी आपल्याला बनवतोय. त्यानं बाबालालच्या हाताला बेडी घातली, रस्त्यानं जाणारा एक वाटसरू आणि कासरा विकत घ्यायला आलेला शेजारचा कोंडिबा अशा दोघांना जप्तीचे साक्षीदार, म्हणजे पंच म्हणून उभं केलं, कागदावर वाटसरूची सही आणि कोंडिबाचा अंगठा घेतला, आणि जीप निघून गेली.

त्या संध्याकाळी गाव शाहजादीच्या दारात जमलं. सगळ्यांत जास्त हादरला होता कोंडिबा. बाबालाल आणि तो एका ताटात जेवून मोठे झालेले. आपला अंगठा बाबालालला बुडवणार या भीतीनं त्याला दरदरून घाम फुटला होता. तो उठला, देवळात गेला, खंडोबाचा भंडारा मुठीत घेऊन परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या भंडाऱ्याची आन. मी बाबालालच्या विरुद्ध एक शबूद बोलायचा न्हाई. कोर्टाची पायरीच चढणार न्हाई, मग कसं बोलवून घेतील?"

गावानं माना डोलावल्या. पंचच गेला नाही तर साक्ष कसली आणि शिक्षा कसली, हा हिशोब सगळ्यांना एकदम पटला. शाहजादी तर रडत त्याच्या पाया पडायला निघाली होती. तिनं सगळ्यांना चहा पाजला. ज्या गोष्टीनं तिचा नवरा पुढं अडकून पडणार होता, त्या गोष्टीसाठी तिनं स्वतः आधण ठेवलं. तिला बिचारीला काय माहीत!

पुढं गावानं ही कामगिरी मोठ्या इमानानं पार पाडली. समन्स घेऊन शिपाई भिवाजी आला की पेठेच्या तोंडावरच बातमी फुटायची. भिवाजी कोंडिबाच्या दारात पोचेपर्यंत कोंडिबा परसातून उसात. "कोंडिबा? तो लेकीकडं गेलाय." "कोंडिबा? तो नारायणगावला बैल बघाय गेलाय." एकदा तर कुणीतरी तो काशीला गेल्याचं सांगितलं, आणि कोंडिबा दोन हातांवर गवताच्या भाऱ्याआड बसून तंबाखू मळत होता. भिवाजीला हे कळत नव्हतं असं नाही. पण तोही याच पाण्यावर वाढलेला. तो कागदावर "मिळून आला नाही" असं लिहायचा, चहा प्यायचा आणि जायचा. आपण सगळे मिळून बाबालालला वाचवतोय, असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं.

आणि बाबालाल येरवड्याला होता. पहिल्या वकिलानं जामिनाचा एक अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि वकीलही हळूहळू दिसेनासा झाला. तारखा पडत राहिल्या. शाहजादी प्रत्येक तारखेला पौडहून एसटीनं निघायची, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर उभी राहायची, आणि संध्याकाळी पुढची तारीख पदरात बांधून घरी यायची. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आरोपीला आणायला गाडी नाही, आणि गाडी असली तर पंच नाही. ओट्यावर आता कुणी पोतं ठेवत नव्हतं. तिनं दुकान मात्र एक दिवस बंद ठेवलं नाही. कासरे, दावी, बैलांच्या म्होरक्या, सुतळीचे गुंडे, सगळं ती विकायला शिकली, आणि उधार मागणाऱ्याला वाटेला लावायलाही शिकली.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर ती मुलाखतीला येरवड्याला गेली. जाळीच्या पलीकडे बाबालाल उभा होता. त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले होते आणि हे तिला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

"मी एक ठरवलंय," तो म्हणाला. "पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करून टाकतो."

"काय?"

"हितली समदी तेच सांगतायत. ह्या कलमात जास्तीत जास्त पाच वर्सं. निम्मी तर झालीच. कबूल केलं की साहेब म्हणतील, हाय तेवढी शिक्षा बास झाली, जा. न्हाईतर हा खटला कवा उभा राह्यचा न्हाई आन मी हितंच मरायचो."

"पन तुमी केलंच न्हाई ना!"

"म्हणून तर थकलोय," बाबालाल म्हणाला. "केलं असतं तर बसलो असतो गुमान."

या माणसानं आयुष्यात कधी दोन पैशांचं खोटं बोललेलं नव्हतं, आणि आता तो एवढं मोठं खोटं बोलायला निघाला होता. तेही कोर्टात, हात जोडून. शाहजादीला त्याचा राग आला आणि त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की जाळी धरलेली बोटं दुखायला लागली.

"मग भाईर येऊन त्या ओट्यावर कसं बसाल?" ती म्हणाली. "लोकं डोळे झाकून पोती ठेवायची तुमच्या भरवशावर. उद्या तुमीच कबूल केलंत तर तुमच्या बापाचा बी ओटा गांजाचा झाला. हे करायचं न्हाई."

"दुसरी वाट सांग मग."

वाट तिच्याजवळ नव्हती. तरी ती म्हणाली, "पुढल्या तारखेपत्तुर कळ काढा. त्या दिवशी मी वाट आनली न्हाई, तर तुमच्या मनाला यील ते करा."

बाबालालनं मान डोलावली. म्हणजे मुदत पुढच्या तारखेपर्यंतची. तिथून ती थेट कोर्टात गेली. गरिबांना सरकारकडून वकील मिळतो असं तिला व्हरांड्यातल्याच एका बाईनं सांगितलं होतं. अर्ज करून, चार टेबलांवरची बोलणी खाऊन, पुढच्या आठवड्यात तिला एक वकील मिळाली. नाव जया, वय जेमतेम तिशीचं, आवाज मात्र हातोड्यासारखा.

जयाबाईंनी सगळी केस वाचून काढली होती. "शाहजादीबाई, मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पंचाचा पत्ता खोटा निघाला, ते ठीक. पण हा कोंडिबा कोण? प्रत्येक तारखेला शेरा एकच, मिळून आला नाही. वारला का तो?"

"वारला?" शाहजादी म्हणाली. "न्हाई बाई! कालच त्यांनी मला परसातला घेवडा दिला."

जयाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शाहजादीनं मग मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. भंडारा, ऊस, लेक, बैल, काशी. सांगता सांगता समोरचा चेहरा काही हसत नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"तुमच्या गावानंच त्याला आत ठेवलंय," जयाबाई म्हणाल्या.

"म्हंजी?"

"पंच आल्याशिवाय खटला पुढं सरकत नाही. खटला सरकला नाही तर आरोपी आत. आणि जामीन मागायला गेलं तर सरकारी वकील काय म्हणतो? उशीर आमच्यामुळे नाही, आरोपीचे गाववालेच साक्षीदार लपवतात, याला सोडला तर उद्या सगळेच गायब होतील. बरोबरच आहे त्याचं. यंदाच्या उन्हाळ्यात तर कायदा आणखी आवळलाय. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात हातापाया पडून जामीन मिळत नाही आता. आरोपी निर्दोष असावा असं आधी कोर्टाला वाटावं लागतं. आपल्याकडं एकच रस्ता आहे. खटला वेळेत चालणं हा माणसाचा हक्क आहे, आणि इथं तो सरकारमुळे चालत नाही, हे दाखवायचं. पण इथं तर तो कोंडिबामुळे चालत नाही."

पहिल्या संध्याकाळचा तो चहा शाहजादीला आठवला. कपबशा सुद्धा आठवल्या.

"त्यांना आनलं तर?" तिनं शेवटी विचारलं.

"आणाल?"

"आनते."

"एक लक्षात ठेवा. तो काय साक्ष देणार हे त्याला विचारायचं नाही, शिकवायचं नाही, ऐकायचंही नाही. फक्त आणून उभा करायचा. तो तुमच्या विरुद्धही बोलेल. पोतं तुमच्याच ओट्यावर सापडलंय, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलंय."

"बोलू द्या," शाहजादी म्हणाली.

पौडला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, थेट कोंडिबाच्या अंगणात गेली. कोंडिबा विळा लावत होता.

"तात्या, तारखेला तुमी माझ्यासंगं कोर्टात यायचं."

कोंडिबाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. "अगं, मी भंडारा उचललाय!"

"काय म्हणून उचललाय?"

"बाबालालच्या विरुद्ध बोलायचं न्हाई म्हणून. कोर्टाची पायरी चढायची न्हाई म्हणून."

"तात्या, तुमी इतके दिवस त्यांच्या विरुद्धच बोलताय," शाहजादी म्हणाली. "दर तारखेला तितं तुमचं नाव पुकारत्यात. तुमी नसता, की पुढची तारीख पडती. तुमी उसात बसलात तेवढे दिवस ते येरवड्यात बसले."

तिनं जयाबाईंचं सगळं बोलणं त्याला जमेल तसं उलगडून सांगितलं. कोंडिबा आधी हसला, मग चिडला, मग "त्या वकिलीणीला काय कळतंय" म्हणाला, आणि शेवटी विळा बाजूला ठेवून मटकन खाली बसला. एवढा थोराड गडी, पण त्याचा चेहरा पार उतरला.

"म्हंजी मी त्याला आत ठिवला?"

"आपन समद्यांनी ठिवला. मी चा पाजला होता, तात्या."

"आन मी गेलो, खरं बोललो, आन तो बुडला तर? मी काय बघितलं ते तरी ऐक. त्या दिवशी पोतं..."

"न्हाई!" शाहजादी इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "मला सांगायचं न्हाई. तितं सांगा. काय बघितलं तेच सांगा, कमी न्हाई, जास्त न्हाई. बुडलो तर खऱ्यानं बुडू. पुढल्या तारखेला ते खोटंच कबूल कराय निघालेत."

"बाबालाल खोटं बोलनार?" कोंडिबाला हे पोत्यातल्या गांजापेक्षाही अशक्य वाटलं.

"तुमी आला न्हाईत तर बोलनार."

कोंडिबा उठला, देवळात गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. देवाशी त्याचं काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कपाळावर ताजा भंडारा होता.

"देवाला सांगून आलो, पायरीचं तेवढं माफ कर म्हणून," तो म्हणाला. "विरुद्ध न बोलायचं मातूर तसंच हाय. पन खरं बोलनं आन विरुद्ध बोलनं येगळं, असं म्या त्याला सांगितलं."

"देव काय म्हणाला?"

"गप बसला," कोंडिबा म्हणाला. "म्हंजी चालंल."

जामीन मिळालाच तर जामीनदार म्हणून उभा राहायला जमीनवाला माणूस लागणार होता. गावात ही गोष्ट निघाली तेव्हा निम्मे पुरुष एकदम कामात गुंतले. साक्षीदार लपवायला सगळे पुढं होते, पण गांजाच्या केसमध्ये आपल्या सातबाऱ्यावर कोर्टाचा शिक्का म्हटल्यावर कुणाला भाऊ आठवला, कुणाला मेव्हणा. तेव्हा कोळवणहून रत्नाबाई आली. नवरा गेल्यावर जमीन तिच्या नावावर होती, आणि दिरांना ते अजून पचलेलं नव्हतं.

"मी ऱ्हाते जामीन," ती म्हणाली.

"मावशी, दीर काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्या दिवशी माझं पोतं त्या पोत्याला टेकलं व्हतं. पोलिसांनी हात दुसरीकडं घातला असता तर आज मी तितं असते, आन तुझा नवरा माझ्यासाठी पळाला असता का न्हाई?"

"पळाले असते."

"मग झालं," रत्नाबाई म्हणाली आणि तलाठ्याकडं उतारा काढायला गेली.

तारखेच्या दिवशी पहाटेची एसटी पौडहून निघाली तेव्हा तिच्यात तिघं होती. कोंडिबानं ठेवणीतला फेटा बांधला होता, आणि पुणं येईपर्यंत तो सारखा तो चाचपत होता. रत्नाबाई मात्र बावधनच्या उतारावर सुद्धा झोपली होती.

कोर्टात बाबालालला आणलं. पिंजऱ्यात उभा राहून त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या फेट्याकडे. फेट्याखाली कोण आहे हे ओळखल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं.

पुकारा झाला. सरकारी वकील सवयीनं उठले. "साहेब, पंच मिळून आलेला नाही, पुढची तारीख..."

"हाय, हाय!" कोंडिबा उभा राहून ओरडला. "मी मिळून आलोय!"

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून पाहिलं. न्यायाधीश पांढऱ्या मिशांचे, बोलायला कमी. त्यांनी कोंडिबाला पुढं बोलावलं.

"इतके दिवस कुठं होता? समन्स चुकवणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

कोंडिबा हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकलं. मला वाटलं, मी आलोच न्हाई तर तो सुटंल. मला काय ठाऊक, मी आलो न्हाई तर तो सुटनारच न्हाई!"

लोक पुन्हा हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ते सरकारी वकिलांकडे वळले. "पंच आलेत. घ्या साक्ष. मुद्देमाल कुठे आहे?"

सरकारी वकिलांनी मागं बसलेल्या पोलिसाकडे पाहिलं. पोलिसानं खाली पाहिलं. "साहेब, मुद्देमाल आज आणलेला नाही," सरकारी वकील म्हणाले. "तो दाखवल्याशिवाय पंचाची साक्ष घेता येणार नाही."

"तपासणीचा रिपोर्ट?"

"अजून प्रयोगशाळेतून आलेला नाही, साहेब."

"नमुना कधी पाठवला होता?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. "सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये."

आजवर प्रत्येक वेळी पंच नाही म्हणून तारीख पडत होती, त्यामुळे रिपोर्टचं कुणी विचारलंच नव्हतं. कोंडिबा उसात बसला होता आणि त्याच्या आड सगळं सरकार बसलं होतं. शाहजादीला ते तिथं उभ्या उभ्या कळलं आणि तिच्या अंगात कुठून कोण जाणे, एकदम बळ आलं.

जयाबाई याच क्षणाची वाट पाहत होत्या. जामिनाचा अर्ज त्यांनी पुढं केला. "साहेब, आरोपी हजर आहे. पंच हजर आहे. आता हजर नाही ते फक्त सरकार. पोतं सापडलं ते बाजाराच्या दिवशी, उघड्या ओट्यावर, दहा जणांच्या पोत्यांत. त्यात गांजा होता हे म्हणणारा रिपोर्टसुद्धा अजून या कोर्टासमोर नाही. या कलमाची सगळ्यात मोठी शिक्षा पाच वर्षं. निम्म्याहून जास्त हा माणूस निकालाशिवाय भोगून बसलाय. खटला चालवायचा नाही आणि सोडायचंही नाही, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. आणि साहेब, थकून हा आज न केलेला गुन्हा कबूल करणार होता."

"हे खरं आहे?" न्यायाधीशांनी बाबालालला विचारलं.

बाबालालनं शाहजादीकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. हे त्याचं त्यानंच बोलायला हवं होतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "पन आता न्हाई करनार. मी केलं न्हाई."

सरकारी वकिलांनी नव्या कायद्याचं कलम वाचून दाखवलं, आणि ते चांगलं वाचलं. न्यायाधीशांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग ते टंकलेखकाकडे वळले आणि सांगायला लागले. सांगणं इंग्रजीत होतं, शाहजादीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती जयाबाईंच्या मानेकडे बघत राहिली. अर्ध्यावर ती ताठ मान एकदम सैल झाली, आणि शाहजादीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"जामीन मंजूर," न्यायाधीश मराठीत म्हणाले. "दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी. तालुका सोडायचा नाही, कोर्टाच्या तारखेपुरतं सोडून. आणि या पंचाशी आरोपीनं साक्ष होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललेला कळला तर जामीन रद्द. जामीनदार कोण आहे?"

"मी ऱ्हातो!" कोंडिबा म्हणाला.

"तुम्ही साक्षीदार आहात. तुम्हाला राहता येणार नाही. तुम्ही फक्त पुढच्या वेळी या."

रत्नाबाई पदर सावरत उठली. "मी हाय, साहेब. कोळवणची. जमीन माझी हाय, कुणाची वाटणी न्हाई."

कागदपत्रं होऊन बाबालाल दुसऱ्या दिवशी दुपारी येरवड्याच्या दरवाजातून बाहेर आला. शाहजादी समोरच्या झाडाखाली उभी होती. त्यानं आभाळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मग रस्ता ओलांडायचा कसा ते विसरल्यासारखा उभाच राहिला. तिनं जाऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"सुटलो न्हाई अजून," तो म्हणाला. "खटला तसाच हाय."

"मला ठाऊक हाय. चला, एसटी चुकंल."

पुढच्या बाजाराला बाबालाल दुकानात बसला. माणसं येत होती, बरं आहे का विचारत होती, कासरे घेऊन जात होती, पण ओटा मोकळाच होता. कुणी पोतं घेऊन आलं तरी ओट्यासमोरून पुढं जात होतं. बाबालाल सुतळीचा गुंडा उगाचच उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता. शाहजादी आतून हे बघत होती आणि तिला प्रत्येक पाठमोऱ्या माणसाला हाक मारून चार शब्द सुनवावेसे वाटत होते.

तेवढ्यात रत्नाबाई आली. तिनं ओट्यावर पोतं टेकवलं आणि लगेच त्याचं तोंड सोडायला लागली. "बघून घे रं बाबा, नाचणी हाय. तुझ्यामागं नसती झेंगाटं नकोत."

बाबालाल उठून बाहेर आला. त्यानं पोत्यात पाहिलं नाही. तोंड दुसरीकडे वळवून तो म्हणाला, "बांधा, मावशी. मी विचारलं का?"

रत्नाबाईनं पोतं बांधलं. शाहजादी मात्र दारात येऊन उभी राहिली. "पोत्यात काय हाय ते न्हाई विचारायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "पन वळखीचा न्हाई त्याचं नावगाव मी विचारनार. हा ओटा आता माझा बी हाय."

बाबालालनं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. तिला तेवढं पुरलं.

मग कोंडिबा आला. खांद्यावर भलंमोठं पोतं. बाजार घरासमोर भरतो आणि घर चार पावलांवर, त्याला ओट्यावर पोतं ठेवायची गरजच काय? तो ओट्यापाशी थांबला, बाबालालकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. बाबालालनंही ओठ मिटले. पेठेतली माणसं बघायला लागली. बाबालाल खाली वाकला, रत्नाबाईचं पोतं दोन्ही हातांनी सरकवलं आणि जागा केली. कोंडिबानं तिथं आपलं पोतं ठेवलं. मग तो बाबालालकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ओट्याच्या कडेला बसला, आणि डोळे पुसायला त्यानं फेट्याचा शेमला ओढला.

तेवढ्यात पेठेच्या तोंडाशी शिपाई भिवाजी दिसला. जुन्या सवयीनं दोघा-तिघांनी कोंडिबाला खुणावलं, ऊठ, पळ. कोंडिबा जागचा हलला नाही. उलट त्यानं हात उंच केला.

"ओ हवालदार!" तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला. "पुढच्या तारखेचं समन्स आनलंय का?"

भिवाजी गडबडला. "न्हाई बा. अजून निघालंच न्हाई."

"मग काढा म्हणावं साहेबास्नी," कोंडिबा म्हणाला. "मी कुटं जात न्हाई. हितंच बसलोय."